लाईट गेली, टॉवर गेला, गिऱ्हाईक मात्र दारात: पावसाळ्यात युपीआय कसं चालवता?

पसरकार (धागाकर्ता)
१८ जुलै, रात्री ९:५०

गोव्यात, वाळपईपासून आत, सत्तरीत माझा पसरा (छोटं दुकान) आहे. तांदूळ-साखरेपासून खिळे-दोरीपर्यंत सगळं मिळतं. परवाच्या पावसात दुपारी साडेतीनला लाईट गेली. त्यात काही नवल नाही, आमच्याकडे ढग गडगडले तरी जाते. पण पाचनंतर मोबाईलचे दांडे येऊ-जाऊ लागले आणि सहाला पुरते गेले. पैसे आल्याचं ओरडून सांगणारी पेटी लाल दिवा मिचकावत गप्प. दारात गिऱ्हाईक नखशिखांत भिजलेलं, हातात फोन आणि खिशात दमडी नाही.

दोन किस्से सांगतो, म्हणजे प्रश्न कळेल.

धबधबा बघून परतणारी पाच पोरं, बाहेरची. दोन टॉर्च, पाच प्लास्टिकचे रेनकोट, बिस्किटं, एकूण ८४० रुपये. एकाने क्यूआर मारला, पडद्यावर "प्रक्रियेत आहे". दहा मिनिटं आम्ही सहा माणसं त्या एका पडद्याकडे बघत उभे, जणू आत कोणाचं बाळंतपण चाललंय. शेवटी मीच म्हटलं, जावा आता, अंधार पडतोय. ते ८४० अजून आलेले नाहीत. पोरांनी फसवलं असं मला वाटत नाही. त्यांचे कटून परतही गेले असतील आणि त्यांना पत्ता नसेल.

दुसरा किस्सा आमच्या गावातल्या शिक्षिकाबाईंचा. बिल ३४०. एकदा अडकलं म्हणून त्यांनी परत मारलं आणि नंतर दोन मेसेज दाखवले, "म्हजे दोनदां गेले मरे!" मी गल्ल्यातून ३४० रोख काढून दिले. तिसऱ्या दिवशी खातं बघतो तर माझ्याकडे एकदाच आलेत, दुसरे आपोआप त्यांच्याकडे परत गेलेत. म्हणजे माझा माल गेला आणि हातात शून्य. बाई सज्जन, स्वतः येऊन काउंटरवर पैसे ठेवून गेल्या. दुसरं कोणी असतं तर?

पाऊस अजून अडीच महिने आहे, मध्ये चवथ (गणेश चतुर्थी). तुम्ही लोक काय करता?

फोंडेकर
१८ जुलै, रात्री १०:०४

रोख घ्या. विषय संपला.

पसरकार
१८ जुलै, रात्री १०:११

बाब, मी घ्यायला तयार आहे हो, त्यांच्याकडे असायला नको? आणि एटीएमलाही लाईट आणि लाइन दोन्ही लागतात. परवा वाळपईला जाऊन आलेले दोघे हात हलवत परत आले. ज्यांच्याकडे रोख होती त्यांच्याकडे पाचशेच्याच नोटा. बत्तीस रुपयांच्या मीठ-मिरचीला मी सुटे कुठून काढू?

म्हापशाची सून
१८ जुलै, रात्री १०:३०

आमचा खाज्यांचा स्टॉल असतो, जत्रा-फेस्तांना. बोडगेश्वराच्या जत्रेला एवढी माणसं जमतात की दांडे पूर्ण असून नेट हलत नाही. तिथे आमच्या सासऱ्यांनी *९९# करून दाखवलं. साधा कॉल लावतो तसं डायल करायचं, आकड्यांचा मेनू येतो, त्यातून पैसे पाठवायचे. डेटा लागत नाही, बटणांच्या फोनवरही चालतं. एका वेळी ५,००० पर्यंत जातात. फक्त आधी घरी बसून एकदा नोंद करून ठेवावी लागते, पिन करायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदत विचारतो. जत्रेच्या गर्दीत ते करायला गेलात तर मेनू मध्येच तुटतो आणि पुन्हा पहिल्यापासून.

गंमत म्हणजे आमच्या स्टॉलवर आजवर ते फक्त सासऱ्यांनीच वापरलंय, तेही नारळवाल्याला द्यायला. पोरांना सांगितलं तर "आंटी, ये क्या है?" असं बघतात.

पर्वरी
१८ जुलै, रात्री १०:४१

एवढी कटकट कशाला? युपीआय लाईट चालू करायला सांगा. त्याला नेट लागत नाही, पिनही लागत नाही.

दुहेरी नोंद
१८ जुलै, रात्री ११:१५

पर्वरीकर, पिन लागत नाही हे बरोबर. नेट लागत नाही हे चूक, आणि ही चूक सगळीकडे पसरलेली आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. (बँकेत बत्तीस वर्षं काढली, आता निवृत्त. सवय जात नाही.)

युपीआय लाईट सप्टेंबर २०२२ मध्ये आलं. त्यात तुम्ही थोडे पैसे आधीच वेगळे काढून ठेवता, आता मर्यादा एकूण ५,००० ची आणि एका वेळी १,००० ची आहे. देताना तुमच्या बँकेच्या मुख्य संगणकाचं दार ठोठवावं लागत नाही, एवढाच त्याचा फायदा. म्हणजे बँकेचा सर्व्हर बसला असेल, महिनाअखेरीला दमला असेल, तर लाईट सुरळीत जातं. पण तुमच्या फोनलाच जाळं नसेल तर लाईटही तिथेच बसून राहतं.

दोन्ही फोनांना जाळं नसताना चालणारं आहे ते युपीआय लाईट एक्स, सप्टेंबर २०२३ चं. फोनला फोन टेकवायचा, एनएफसी (जवळच्या फोनशी थेट बोलणारी सोय) लागतं, दोघांचंही. घेणाऱ्याला ते पैसे खात्यात आणायला नंतर नेटवर यावं लागतंच. आमच्या पंचक्रोशीत ते वापरणारा दुकानदार मला अजून भेटलेला नाही.

आता हे पैसे आधीच वेगळे का काढायचे? कारण जाळं नसताना तुमच्या खात्यात किती आहेत हे दुकानदाराला कोण सांगणार? खात्यात हजार असलेला माणूस त्या संध्याकाळी दहा दुकानांत हजार-हजार देऊन जाईल आणि सकाळी नऊ दुकानदार कपाळाला हात लावतील. म्हणून रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२२ मध्ये ऑफलाइन व्यवहारांची चौकट आखली तेव्हा एका वेळी फक्त २०० रुपये ठेवले होते, आणि समोरासमोरच द्यायचे अशी अट घातली. बुडाले तर किती बुडतील, ते आधी ठरवलं आणि मग दार उघडलं.

पर्वरी
१८ जुलै, रात्री ११:२२

हे माहीत नव्हतं. शब्द मागे. माझ्याकडे वायफाय असायचं म्हणून चालत होतं तर!

डिचोलकर
१९ जुलै, सकाळी ७:४०

टॉवरच्या देखभालीत काम करतो, कंपनीचं नाव विचारू नका.

पसरकार, "टॉवर गेला" म्हणजे नेमकं काय गेलं हे आधी बघायला हवं. लाईट गेली की टॉवर बॅटरीवर जातो, ती काही तासांची असते. मग जनरेटर. डिझेल घेऊन जाणारी गाडी पडलेल्या झाडापलीकडे अडकली की खेळ खल्लास. तुमचं साडेतीनला लाईट आणि सहाला दांडे, म्हणजे बहुतेक हेच.

दुसरा प्रकार असा की टॉवरला वीज आहे पण त्याच्यामागची फायबर केबल तुटली. तेव्हा फोनवर दांडे झकास दिसतात आणि काहीही जात नाही. मग *९९# पण नाही आणि एसएमएस पण नाही, कारण त्यांनाही त्याच वाटेने जायचं असतं. सूनबाईंच्या जत्रेत *९९# चाललं कारण तिथे वाट शाबूत होती, फक्त डेटाची गर्दी होती. काही डोंगरातल्या टॉवरांना फायबरऐवजी तबकडीने, बिनतारी जोडलेलं असतं, तिथे धो-धो पावसात सिग्नल पातळ होतो आणि पाऊस ओसरला की पंधरा मिनिटांत आपोआप येतो. म्हणून चिडून फोन दहादा बंद-चालू करू नका.

सगळे सांगतात तो उपाय म्हणजे दोन कंपन्यांची दोन सिम. घ्या, पण आधी बघा की दोघांचे अँटेना एकाच खांबावर तर नाहीत ना. खेड्यात बऱ्याचदा असतात. खांब एक, बॅटरी एक, फायबरही एकच, वर पाट्या दोन. घरची फायबर आणि एका कंपनीचं सिम ही जोडी त्यापेक्षा बरी.

तौक्ते चक्रीवादळ आठवतंय ना? १६ मे २०२१, रविवार. माझा फोन लागत नाही अशी तक्रार करायलाही लोकांचा फोन लागत नव्हता.

फोंडेकर
१९ जुलै, सकाळी ८:०२

तौक्तेत आमच्या आळीतल्या दुकानदाराने चार दिवस वहीवर माल दिला. म्हणून म्हणतो, रोख. नाहीतर वही.

केपेकर
१९ जुलै, सकाळी ८:१५

वाचतोय. खूण साठवली.

रात्रपाळी
१९ जुलै, दुपारी २:३०

फोंडेकरांनी वहीचं नाव काढलं म्हणून लिहितो. मी कळंगुटच्या बाजूला एका हॉटेलात कॅशियर होतो, नव्वदच्या दशकात, चार्टर विमानांचे दिवस. तेव्हा कार्डं होती पण लाइन नव्हतीच. म्हणजे रोजच "ऑफलाइन".

काउंटरखाली एक लोखंडी पाट असायचा. त्यात कार्ड ठेवायचं, त्यावर कार्बनची तीन पानी स्लिप, आणि वरचा दांडा उजवीकडे ओढून परत डावीकडे. खर्रर्र-खट्ट. कार्डावरचे उठावाचे आकडे कागदावर उमटत. दांडा अर्धवट ओढला तर शेवटचे चार आकडे पुसट यायचे आणि बँक ती स्लिप परत पाठवायची. नवीन पोरगा आला की त्याला पहिले दोन दिवस रद्दी कागदावर दांडा ओढायला लावायचो.

पैसे बँकेत कधी जमा व्हायचे? स्लिपा भरल्यावर, पुढे काही दिवसांनी. तोवर पाहुणा मँचेस्टरला पोचलेला. मग धंदा कसा चालायचा? दोन गोष्टींवर. एक, बँक एक पुस्तिका पाठवायची, चोरीच्या आणि बंद केलेल्या कार्डांच्या नंबरांची, बारीक टायपात. प्रत्येक कार्ड त्यात शोधायचं. दुसरं, फ्लोअर लिमिट. हॉटेलला ठरवून दिलेली रक्कम. त्याच्या आतलं बिल विचारल्याशिवाय घ्यायचं, वरचं असेल तर बँकेला फोन करून मंजुरीचा नंबर घ्यायचा आणि तो स्लिपेवर लिहायचा. फोन न करता लिमिटच्या वर घेतलं आणि बुडालं, तर हॉटेलचं बुडालं. आणि बिल फोडून दोन स्लिपा करायच्या नाहीत, ही चलाखी बँकेला लगेच कळायची.

एका रात्री टेलिफोन मेला होता आणि पाहुण्याचं बिल लिमिटच्या दुपटीवर, पहाटेचं विमान. मॅनेजर झोपेतून उठून आले, पाहुण्याला बघितलं, त्याच्या बायकोला आणि दोन मुलांना बघितलं, आणि म्हणाले "ओढ दांडा". सही त्यांनी स्वतः केली, माझी घेतली नाही. पैसे आले. पण माझ्या लक्षात राहिली ती सही. जोखीम कोणाची, हे दांडा ओढायच्या आधी ठरलेलं होतं.

पसरकार, तुमच्या ८४० मध्ये गोंधळ झाला तो तिथे. दहा मिनिटं तुम्ही पडद्यावर काय येतंय ते बघत होतात. तुमचं स्वतःचं लिमिट किती ते ठरलेलं नव्हतं.

म्हापशाची सून
१९ जुलै, दुपारी ३:०५

काका, किती छान लिहिलंत! खर्रर्र-खट्ट आमच्या म्हापशातल्या एका कपड्याच्या दुकानातही होतं, मला लहानपणी ते इस्त्रीचं यंत्र वाटायचं.

दुहेरी नोंद
१९ जुलै, सायंकाळी ६:२०

रात्रपाळींना सलाम. आता शिक्षिकाबाईंच्या ३४० कडे येतो, कारण तिथे नियम स्पष्ट आहे आणि फार थोड्यांना माहीत आहे.

रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. युपीआयने माणसाने माणसाला पाठवलेले पैसे देणाऱ्याचे कटले आणि घेणाऱ्याला पोचले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत जायला हवेत. दुकानाच्या क्यूआरवर दिलेले असतील तर पाच दिवस. त्याहून उशीर झाला तर बँकेने गिऱ्हाईकाला दिवसाला १०० रुपये द्यायचे, तेही न मागता. कार्ड मशीनवर कटून मंजुरीची पावती आली नाही तर तेच, पाच दिवस.

याचा दुकानदारासाठी अर्थ एकच. "दोनदा गेले" म्हणणाऱ्याला गल्ल्यातून रोख परत देऊ नका. माणूस खोटं बोलत नसतो, पण त्या घडीला ते पैसे कोणाचेच नसतात, वाटेत असतात. त्यांच्या व्यवहाराचा बारा आकडी नंबर, युटीआर, लिहून घ्या आणि म्हणा, तुमचे परत आले नाहीत आणि माझ्याकडे दोनदा दिसले, तर पाच दिवसांनी या, मी देतो. तक्रार आधी अ‍ॅपमध्ये, मग बँकेत. तीस दिवसांत निकाल नाही लागला तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे.

अजून एक. परत-परत "स्थिती तपासा" दाबू नका. १२ एप्रिल २०२५ ला, शनिवार होता, देशभर युपीआय अडखळलं ते अशाच विचारणांच्या पुरामुळे, फरक इतकाच की त्या बँकांच्या यंत्रणांकडून येत होत्या. त्याच्या आधी २६ मार्चलाही बसलं होतं. आता त्या विचारणांवर बंधन आहे, तीनदाच, आणि मध्ये दीड मिनिटाचं अंतर. अशा दिवशी तुमचं नेट, वीज सगळं ठीक असतं, बिघाड मध्यवर्ती ठिकाणी असतो. तेव्हा दोन सिम असून उपयोग नाही, पण कार्डाचं मशीन चालतं, त्याची वाट वेगळी.

बाणावली
१९ जुलै, रात्री ८:४८

किनाऱ्यावरच्या शॅकवाल्यांसाठी (झोपडीवजा हॉटेलं) एक सूचना. नेट गेलं की काही जण मुद्दाम त्याच वेळी येतात. "झालं बघा" म्हणून हिरवी टिक दाखवतात, ती खोट्या अ‍ॅपची असते, नाव-रक्कम सगळं बरोबर. समोरच्याचा पडदा हा पुरावा धरूच नका, आपला मेसेज किंवा आपलं खातं बघा. गेल्या सीझनला मी एका टेबलाचं ३,२०० असं घालवलं. इंग्रजी फर्डं होतं, म्हणून विश्वास ठेवला. मूर्खपणा माझाच.

पर्वरी
२० जुलै, सकाळी १०:१०

बिलिंगचं सॉफ्टवेअर करतो म्हणून दोन ओळी. दुकानात संगणक असेल तर बिल आधी तिथल्या तिथे साठणारं सॉफ्टवेअर घ्या, नेट आल्यावर वर चढवणारं. आणि विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: लाइन तुटली आणि तेच बिल पुन्हा पाठवलं तर दोनदा धरलं जातं का? प्रत्येक बिलाला एकच क्रमांक असेल आणि दुसऱ्यांदा आलेला क्रमांक ते ओळखून टाकून देत असेल, तर घ्या. विक्रेता "तसं कधी होत नाही सर" म्हणाला तर चहा पिऊन निघून या.

पसरकार
२२ सप्टेंबर, रात्री ९:१५

धागा वर काढतोय, कारण काय केलं ते सांगायचं राहिलं होतं.

डिचोलकरांच्या सांगण्यावरून चढावर जाऊन बघून आलो. दोन्ही कंपन्यांचे अँटेना खरोखर एकाच खांबावर! दुसऱ्या सिमचे पैसे वाचले. घरची फायबर पसऱ्यात ओढून घेतली. राउटरला १२ व्होल्टची ७ अँपिअर-तासांची बॅटरी लावली. म्हणजे ८४ वॅट-तास, राउटर आणि फायबरचा डबा मिळून १० वॅट खातात, कागदावर आठ तास होतात, प्रत्यक्षात साडेपाच मिळाले. पेटीही वायफायची बदलून घेतली. क्यूआरच्या खाली मोबाईल नंबर रंगाने मोठा लिहून घेतला, *९९# करणाऱ्याला टाइप करायला सोपा. आजवर एकाने केला, आमच्या पोस्टमननी, आणि ते जिंकल्यासारखे हसले.

आणि वही. लांबट, लाल कापडी पाठीची. वेळ, रक्कम, माल, फोनचे शेवटचे चार आकडे, आणि एक रिकामा रकाना, युटीआर आला की भरायचा. लिमिट ठरवलं: अनोळखी माणसाला ३००, गावातल्याला २,०००. वरचं असेल तर माल बाजूला पिशवीत बांधून ठेवतो, पैसे आले की न्या. बायकोने आणि भावाने दोघांनीही ते लिमिट पाळायचं, नाहीतर ज्याने ओलांडलं त्याच्या खिशातून. भावाला हे पटायला एक महिना लागला.

चवथीच्या आदल्या दिवशी, माटोळीचा (गणपतीवर टांगायच्या फळा-फुलांचा) बाजार ऐन भरात, अडीच तास सगळं गेलं. बॅटरी होती पण फायबरच कुठेतरी तुटली होती. वहीत अकरा नोंदी झाल्या. नऊ त्याच रात्री चुकत्या झाल्या, एक दुसऱ्या दिवशी. रात्री उशिरा जाळं आलं तेव्हा बंद पसऱ्यात पेटी एकटीच बोलायला लागली आणि बायको चोर समजून उठली. अकरावी नोंद अजून बाकी आहे. ती माझ्या चुलत्याची आहे, ते लिमिटमध्ये बसत नाहीत आणि कशातच बसत नाहीत.

फोंडेकर
२२ सप्टेंबर, रात्री ९:३३

म्हणजे वहीच ना शेवटी :)

रात्रपाळी
२३ सप्टेंबर, दुपारी १:१०

३०० बरोबर आहे. डिसेंबरात गर्दी वाढली की भाऊ ५०० करूया म्हणेल, तेव्हा महिनाभराची वही उघडून किती नोंदी आल्याच नाहीत ते आधी मोजा.

केपेकर
२३ सप्टेंबर, रात्री ८:५०

पसरकार, ही बॅटरी मी आणलीय पण माझा राउटर लागतच नाही, दिवा येतो आणि जातो.

पसरकार
२३ सप्टेंबर, रात्री ९:०२

लगेच काढा ती! राउटर उलटा करून स्टिकर बघा. काही राउटर ९ व्होल्टचे असतात, तुमचा तसला असेल.

केपेकर
२३ सप्टेंबर, रात्री ९:०६

९ व्होल्टच आहे. काढली. थोडा वास येतोय.